शिमग्यात वेळासला

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या दहा वर्षांत जवळपास 16 टक्क्यांनी वाढलेली दिसते. त्याच तक्त्यात तीन जिल्ह्यांपुढे मात्र उणे चिन्ह आहे. एक मुंबई शहर; तिथली माणसं उपनगरांत आणि ठाण्याकडे सरकली. उरलेले दोन म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी जिल्ह्यात 2001 साली 16,96,777 माणसं होती, 2011 साली 16,15,069. ऐंशी हजारांहून जास्त माणसं कमी. कुठलंही मोठं संकट न येता इतकी माणसं कमी होतात, तेव्हा ती कुठल्या तरी गाडीत बसून गेलेली असतात.

गावात किती माणसं राहतात आणि गावाला किती गाड्या येतात, हे दोन आकडे एकमेकांना धरून चालतात, असं मला बरीच वर्षं वाटत आलं आहे. ते जवळून बघायचं म्हणून मार्च 2025 मध्ये, ऐन शिमग्यात, रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेले. स्वतःची गाडी घेतली नाही. गावची माणसं जशी जातात तशी गेले.

बुधवार : पनवेल ते वेळास

शिमग्याच्या आदल्या दिवशी पनवेलच्या स्टँडवर उभं राहिलं की कोकणातली निम्मी गावं समोर दिसतात. मुंबईत नोकरी करणारा तो चाकरमानी, आणि होळीला गावी पोचलाच पाहिजे हा त्याचा नेम. सामान बघूनच माणूस ओळखता येतो: नव्या साड्यांची पिशवी, लहान मुलाची सायकल, आईसाठी गोळ्यांचा डबा, आणि भजनी मंडळाच्या मृदंगाला घातलेली खोळ. मला श्रीवर्धनच्या गाडीत जागा मिळाली. कंडक्टरनं विचारायच्या आतच मशीनमधून अर्धं तिकीट काढून दिलं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, 75 वर्षांपुढच्यांना त्याच्या आदल्या वर्षीपासून पूर्ण मोफत. माझ्या शेजारच्या आजींनी आधार कार्ड दाखवलं आणि शून्य रुपयाचं तिकीट घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं. ‘पैसं नाय लागलं तरी तिकिट लागतंच,’ असं त्या मला समजावून सांगत होत्या. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं. जनगणनाही त्याच वर्षीची. चौदा वर्षं झाली. पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड करत माणगावला महामार्ग सोडला आणि गाडी म्हसळ्याच्या दिशेनं डोंगरात शिरली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आंब्याला कैऱ्या धरलेल्या, काजूच्या बागांत बोंडं लाल झालेली.

श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. सिद्दीच्या जाचाला कंटाळून ते घाटावर गेले आणि 1713 साली पेशवे झाले. त्यांच्याबरोबर खाडीपलीकडच्या वेळासची भानू मंडळी गेली. नाना फडणवीस याच भानूंच्या घरातले. पण नानांचा जन्म 1742 सालचा, आणि तो साताऱ्याचा. वेळासहून बाहेर पडून दुसरीकडे नाव काढण्याची रीत अशी तीनशे वर्षं जुनी आहे.

श्रीवर्धनहून बागमांडल्याला उतरले. समोर सावित्रीचं मुख. महाबळेश्वरला जी पाच नद्यांची नावं आपण देवळात ऐकतो, त्यातली सावित्री इथे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. पलीकडचं वेश्वी डोळ्यांना इतकं जवळ दिसतं की हाक मारावी. पण जमिनीवरून जायचं तर आंबेत-म्हाप्रळ करून, मंडणगडावरून, शंभर किलोमीटरच्या घरातला वळसा. त्यात आंबेतचा सावित्रीवरचा पूल मधल्या काही वर्षांत जड वाहनांना बंद ठेवावा लागला, तेव्हा मुंबईहून मंडणगडला येणाऱ्यांचे फार हाल झाले. इथल्या खाडीतही पुलाचे खांब बरीच वर्षं उभे आहेत. त्यांच्याकडे बघत बघत माणसं फेरीबोटीची वाट बघतात.

फेरीबोटीला इथले लोक अजून ‘जंगलजेटी’ म्हणतात. पुढचा लोखंडी फाळका साखळीवर खाली येतो, धक्क्याच्या उतारावर आपटतो, आधी मोटारसायकली चढतात, मग मोटारी उलट्या घेऊन शिरतात, आणि उरलेल्या फटींत माणसं. मोटारींच्या रांगेत पुण्या-मुंबईचे पर्यटक होते, हरिहरेश्वर करून कासवं बघायला निघालेले. पायी चढणाऱ्यांत एक मास्तर, दोन कोळणी आणि एक नवरा-बायको. त्या बाई म्हणाल्या, ‘आमची दोघांची माहेरं-सासरं खाडीच्या दोन अंगांना. शेवटची बोट चुकली की मी माहेरीच राहते.’ जिल्ह्यांच्या हद्दी नकाशात असतात; सोयरिकी बोटीच्या वेळापत्रकानं ठरतात.

ही खाडी दिसते तशी गरीब नाही. आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्ही मुलगी 1853 साली याच पाण्यात बुडाली. महाबळेश्वरच्या आर्थर सीटला त्याचं नाव आहे, आणि तिथून खाली दिसते ती सावित्रीचीच दरी. बाणकोटचं बंदर इंग्रजांनी 1756 साली पेशव्यांशी तह करून घेतलं, किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणू लागले. पुढे आगबोटींच्या काळात मुंबईहून माणूस किनाऱ्याकिनाऱ्यानं, बंदर घेत घेत यायचा. समुद्राकडचं गाव तेव्हा मुंबईला जवळ होतं आणि आतल्या डोंगरातलं लांब. गाडीरस्ते झाले आणि हे उलटलं. बाणकोट-वेळास हा भाग रस्त्याच्या हिशेबानं तालुक्याच्या पार टोकाला गेला.

वेश्वीला उतरून रिक्षा केली. बाणकोटवरून डोंगराच्या कडेनं, उजव्या हाताला समुद्र ठेवत वेळासला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती.

गुरुवार : घरपट्टीची घरं आणि चुलीची घरं

सकाळी गावातून चालत निघाले. वेळास म्हणजे दोन डोंगरांच्या बेचक्यात पसरलेली माडा-पोफळीची आगरं, मधून चिऱ्यांच्या गडग्यांची अरुंद वाट, आणि प्रत्येक बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, आत खळं, ओटी, पडवी असलेलं कौलारू घर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं आलं, त्यानं ही आगरं झोपवली होती. पोफळ उत्पन्नावर यायला सहा-सात वर्षं जातात. आडव्या पडलेल्या झाडांच्या जागी लावलेली रोपं आता डोक्याच्या वर गेलीत, पण मधून आकाश दिसतं. ज्या आगरांतून पूर्वी भर दुपारी सूर्य दिसत नसे, तिथे आता उन्हाचे मोठे मोठे तुकडे पडलेत. ज्या घरात माणूस आहे तिथे नवी रोपं आहेत. जे घर बंद आहे तिथे रान आहे.

बंद घरं पुष्कळ. एरवी ती बंद असतात हे कुलपांच्या गंजावरूनच कळतं, कारण या आठवड्यात बरीचशी उघडलेली होती. ज्या आजींकडे मी उतरले होते त्यांनी हिशेब सोपा करून सांगितला: ‘घरपट्टीची घरं निराळी नि चुलीची घरं निराळी. घरपट्टी सगळीच भरतात. चूल रोज पेटते ती थोड्या घरांत.’ मग बोटानं दाखवत गेल्या. हे बोरिवलीचं, ते डोंबिवलीचं, ते नालासोपाऱ्याचं, त्यातला एक दुबईला. घरांची ओळख मुंबईच्या स्टेशनावरून. आजी स्वतः एकट्या राहतात, म्हणजे मुलगा-सून कळव्याला. ‘तिकडं गेले की चार दिसांत जीव गुदमरतो गो बाय. इथे निदान गाडी दिसते.’

रत्नागिरी जिल्ह्यात 2011 साली दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. राज्याचं प्रमाण 929. ज्यांना कोकण ठाऊक नाही ते या आकड्याचं कौतुक करतात. पण या आकड्यात मुली जगवल्याचं श्रेय जेवढं आहे त्याहून पुरुष बाहेर गेल्याची खूण जास्त आहे. पाण्याच्या टाकीवर, रेशनच्या दुकानात, ग्रामसभेत, एसटीच्या थांब्यावर, सगळीकडे बायका. चिंचेखाली बसलेले पुरुष साठीच्या पुढचे, गिरणीतून किंवा कुठल्या तरी कारखान्यातून निवृत्त होऊन परत आलेले. त्यातल्या एका काकांनी 1982 चा गिरणी संप पाहिला होता. 18 जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि परळ-लालबागच्या गाळ्यांतून राहणारी कोकणातली पोरं सामान घेऊन गावी आली. हे गाळे म्हणजे एकेका गावानं मिळून भाड्यानं घेतलेल्या खोल्या. पाळीपाळीनं झोपायचं, एकाच खानावळीत जेवायचं, आणि महिन्याला गावी मनीऑर्डर. ‘संपात गावात माणसं वाढली,’ काका म्हणाले, ‘पण खायला काय व्हतं? वर्षात परत गेलो, कुणी वॉचमन, कुणी भाजीवर.’ गावची लोकसंख्या वाढणं ही प्रत्येक वेळी आनंदाची गोष्ट नसते, हे मला त्यांच्याकडून कळलं.

जाण्याचं मूळ आणखी मागचं आहे. जमीन थोडी, डोंगरउताराची, आणि तीही खोतीत, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यात, अडकलेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यातलं, आणि त्यांच्या घराण्यानं पोटासाठी धरलेली वाट पलटणीची होती. खोती कायद्यानं संपली ती 1949 च्या अधिनियमानं. तोवर मुंबईची वाट पडून गेली होती.

आता जमिनीला हात नाहीत. भाताची खाचरं पडीक, त्यावर रान, रानातून डुकरं आणि माकडं. शेजारची शेतं पडीक असली की एकट्यादुकट्याला राखण करणं जमत नाही, मग तोही सोडतो. माणसं कमी झाली की उरलेल्यांचं काम वाढतं, हे इथे शेताच्या बांधावर उभं राहून दिसतं.

शाळेपाशी थांबले. जिल्हा परिषदेची शाळा, भिंती रंगवलेल्या, अंगण स्वच्छ सारवलेलं. प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे, पण पट घसरला की शाळेच्या भवितव्याची चर्चा सुरू होते. मोठ्या वर्गांसाठी आणि कॉलेजसाठी पोरांना बाहेर जावंच लागतं, आणि ते शक्य आहे की नाही हे सकाळच्या गाडीवर ठरतं. सकाळची गाडी आहे तोवर मुलगी घरी राहून शिकते. गाडी बंद झाली की तिला मावशीकडे ठेवतात, नाहीतर आई मुलांना घेऊन मुंबईला जाते. एक फेरी रद्द होते आणि दोन चुली विझतात.

संध्याकाळी होम. आमच्या घाटावरच्या होळीहून फार वेगळा. ग्रामदेवतेची पालखी सजवलेली, ढोल-ताशे, आणि तोडून आणलेला उंच माड खांद्यावर नाचवत आणणारी शंभर माणसं. त्या खांद्यांतले बरेच खांदे आदल्या रात्री बोरिवलीहून आलेले. मुंबईकर नसते तर हा माड उचललाच गेला नसता, असं आजी म्हणाल्या. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

शुक्रवार : कासवं, पालखी आणि जनगणना

पहाटे सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 च्या सुमारास इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. त्याआधी ती चोरून नेली जात. गावचीच माणसं राखणदार झाली. रात्री गस्त घालायची, घरटं सापडलं की अंडी हलक्या हातानं काढून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुरायची, वर तारखेची पाटी. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात.

राखणदारानं वाळूवर पालथी ठेवलेली टोपली उचलली. आत तळव्याएवढी, शिसवी रंगाची पिल्लं एकमेकांवर चढलेली. त्यांना ओल्या वाळूवर पाण्यापासून काही अंतरावर सोडलं. आधी क्षणभर काहीच हललं नाही. मग एकानं पुढचे दोन वल्ह्यांसारखे पाय मारले, वाळूत बारीक दुहेरी रेघ उमटली, आणि बाकीची त्याच्या मागं निघाली. लाट आली की दोन-तीन परत मागे फेकली जायची, उलटी पडायची, सरळ व्हायची आणि पुन्हा तोंड पाण्याकडे. राखणदार कुणालाही दोरीच्या पुढे येऊ देत नव्हता. बघणाऱ्यांत एक लहान मुलगी रडायला लागली, कारण एक पिल्लू मागे राहिलं होतं. तेही गेलं.

या कासवांनी वेळासला काय दिलं हे घराघरांत दिसतं. 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि गावकऱ्यांनी घरातच पाहुणे उतरवायला सुरुवात केली. मी दोन दिवस जे जेवले ते असं: घावणे आणि नारळाचं दूध, कुळथाचं पिठलं, फणसाच्या कुयरीची भाजी, सोलकढी, आणि दुसऱ्या दिवशी उकडीचे मोदक. पैसे थेट घरातल्या बाईच्या हातात. एका घरातला मुलगा पुण्याची नोकरी सोडून परत आलाय, दोन खोल्या बांधल्यात. मला त्याच्याशी बोलून फार बरं वाटलं. जनगणनेच्या भाषेत हा एक माणूस अधिक, आणि त्याची बायको-मुलगा धरून तीन.

पण एक गोष्ट खटकली आणि ती लिहिलीच पाहिजे. हे सगळे पाहुणे मोटारींनी येतात. शनिवार-रविवारी गावच्या अरुंद वाटेत मोटारी अडकतात, एसटीला वळायला जागा उरत नाही, आणि त्याच वेळी एसटी अर्धी रिकामी असते. गाव भरतं, गाडी भरत नाही.

दुपारी पालखी घरोघर फिरत होती. ज्या घराला कुलूप तिथे ती थांबत नाही, म्हणून प्रत्येक घर उघडायला कुणीतरी आलेलं असतं. भाऊ भांडलेले असले तरी पालखीला दार उघडायला एक जण येतोच. खळ्यात सडा, रांगोळी, नारळ, तांदळाची ओटी. त्या दिवशी गावात किती माणसं होती हे कुणी मोजलं नाही, पण चपलांच्या ढिगांवरून मला वाटलं, एरवीच्या दुपटीला नक्की असतील.

इथेच जनगणनेची मेख आहे. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली आणि आकडा धरला तो 1 मार्चच्या पहिल्या क्षणाचा. त्या काळात जो माणूस घरी नाही तो त्या घरात मोजला जात नाही, आणि ते बरोबरच आहे. त्या वर्षी होळी होती 19 मार्चला. म्हणजे चाकरमानी गावी पोचायच्या आधी जवळपास तीन आठवडे गाव मोजून झालं होतं. 2021 ची जनगणना झालीच नाही. आता नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 हा दिवस धरलाय, आणि 2027 ची होळी येते 22 मार्चच्या आसपास. पुन्हा तेच. मुंबईत राहणाऱ्याला मुंबईत मोजलं यात चूक काही नाही. पण पाण्याची योजना, रस्त्याचं खडीकरण, आरोग्य उपकेंद्र, हे सगळं फेब्रुवारीतल्या आकड्यावर मापलं जातं. गणपतीत आणि मे महिन्यात त्याच नळावर दुप्पट माणसं येतात. या हंगामी माणसांचा आकडा सरकारी कागदात एकाच ठिकाणी नीट उमटतो, तो एसटीच्या जादा गाड्यांत. 2025 च्या गणेशोत्सवासाठी कोकणात 5,000 जादा गाड्यांची घोषणा झाली. त्या गाड्यांची सीटं मोजली की कोकणच्या गावांची दुसरी लोकसंख्या हाती येते. माझ्या मते ती जनगणनेइतकीच खरी आहे.

रात्री देवळापाशी मुक्कामी गाडी उभी होती.

शनिवार : मुक्कामी गाडीनं मंडणगड, आणि पुढे खेड

मुक्कामी गाडी म्हणजे काय हे शहरात वाढलेल्यांना सांगावं लागतं. संध्याकाळची शेवटची गाडी आगारात परत जात नाही. ती गावातच राहते, ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपतात, आणि सकाळी तीच गाडी पहिली फेरी म्हणून सुटते. तिच्यामुळे गावाला पहाटेची गाडी मिळते; ती आगारातून यायची म्हटली असती तर नऊ वाजले असते. रात्री कुणाचं दुखणं जास्त झालं, बाळंतपण अडलं, तर गावात एक मोठी गाडी आणि ती चालवणारा माणूस हजर असतो. त्यामुळे गाव या दोघांना पाहुणा मानतं. कंडक्टर मला सांगत होते, ‘ताई, इथे आम्हाला जेवणाची चिंता नाही. कुणी भाकरी देतं, कुणी आमटी. शिमग्याला पुरणपोळी, गणपतीला मोदक. घरी सण होत नाही, पण सण चुकत नाही.’

पहाटे अंधारातच इंजिन सुरू झालं. पहिल्या सीटवर कॉलेजच्या दोन मुली, मागे सुपारीची पोती, आंब्याची पहिली पेटी कुणाच्या तरी मुंबईच्या मुलासाठी, आणि एक आजोबा मंडणगडच्या दवाखान्यात निघालेले. वाटेत एका फाट्यावर कुणी नव्हतं तरी गाडी थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. चढावरून एक बाई पदर सावरत धावत आली. ‘मंगळवार-शनिवार असतात त्या,’ कंडक्टर म्हणाले. त्यांनी तिकीट आधीच काढून ठेवलं होतं.

डोंगर चढून देव्हाऱ्याकडे गाडी आली तसं उजाडलं. दोन्ही बाजूंना वाड्यांच्या पाट्या, आणि पाटीमागे झाडीत गेलेली पायवाट. या वाड्यांना गाडी रस्त्यापर्यंतच. पुढे चालायचं.

मंडणगडला उतरून चहा घेतला आणि आगारात बराच वेळ बसले. तालुक्यात रेल्वे नाही. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा रोहा-वीर हा टप्पा 1993 साली सुरू झाला, पूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 ला देशाला अर्पण झाला, पण रूळ गेले ते महाड-खेडच्या बाजूनं. मंडणगडकरांना गाडी धरायची तर आधी एसटीनं डोंगर उतरावा लागतो. म्हणजे इथे एसटीला पर्याय एसटीच, नाहीतर वडापची रिक्षा, जी भरल्याशिवाय सुटत नाही आणि अंधार पडला की मिळत नाही.

एसटीत एक शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो: भारमान. गाडीच्या सीटांच्या मानानं किती माणसं बसली त्याचं शेकड्यातलं प्रमाण. भारमान घसरलं की फेरीवर प्रश्नचिन्ह लागतं. हिशेब आगाराच्या बाजूनं बघितला तर समजण्यासारखा आहे. डिझेल, टायर, पगार, सगळं कुठून तरी यायला हवं. पण टोकाच्या गावाला हा हिशेब लावला की चक्र सुरू होतं. माणसं कमी म्हणून भारमान कमी, भारमान कमी म्हणून फेरी कमी, फेरी कमी म्हणून उरलेली माणसं कमी. हे चक्र कुठेतरी तोडायचं तर गाडीच्या बाजूनंच तोडावं लागेल असं मला वाटतं. माणसं आधी परत येतील आणि मग गाडी सुरू करू, असं होत नाही. पुण्याहून परत आलेल्या त्या मुलालाही मी विचारलं होतं. तो म्हणाला होता, मुलाला पुढे शाळेत न्यायला-आणायला गाडी आहे हे बघूनच बायको तयार झाली.

बायकांच्या अर्ध्या तिकिटाचा इथे फार उपयोग झालाय. राहिलेली रक्कम सरकार महामंडळाला भरून देतं, त्यामुळे सवलतीचा प्रवासी म्हणजे तोट्याचा प्रवासी नव्हे. आणि जिथे हजार पुरुषांमागे अकराशेवर बायका आहेत, तिथे बायका गाडीत बसल्या तर भारमान वाढणारच. बाजाराच्या दिवशी दोघी-तिघींनी मिळून रिक्षा करण्याऐवजी आता त्या एसटीची वाट बघतात. श्रीवर्धनच्या गाडीतल्या आजींचं बोलणं इथे आठवलं. पैसे न लागणारं तिकीटसुद्धा मशीनमध्ये उमटतं, आणि एक माणूस या वाटेनं गेला याची नोंद राहते.

मंडणगडहून दापोली, दापोलीहून खेड. दापोलीपर्यंत उभ्यानं, पुढे जागा मिळाली. खेड स्टेशनवर मुंबईकडे परतणारी गर्दी जमली होती. पनवेलला आलेल्याच पिशव्या आता नारळ, कोकम, पोह्याचे पापड आणि तांदळाच्या पिठानं फुगलेल्या.

पुढच्या हंगामात वेळासला जाणाऱ्यांसाठी एवढं सांगते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा, शक्यतो मधल्या वारी. तेव्हा किनाऱ्यावर गर्दी कमी असते. पनवेलहून श्रीवर्धनची गाडी धरा, बागमांडल्याला फेरीबोट, वेश्वीहून बाणकोटमार्गे वेळास. डोंगरातून यायचं तर मंडणगड आगारातून वेळासची गाडी. ज्या घरी उतरणार त्यांना आदल्या दिवशी फोन करून गाडीची वेळ विचारा, कारण शाळेच्या सुट्टीत वेळा बदलतात. परतताना मुक्कामी गाडीनं निघा, आणि कासवांची सकाळची वेळ गाठायची असेल तर एक रात्र जास्त राहा. सुटे पैसे ठेवा. आणि तिकीट थेट वेळासचं काढा, मधल्या फाट्याचं काढून पुढे रिक्षा करू नका. भारमान शेवटच्या थांब्यापर्यंत धरलं जातं.